पिना की ग्लू? आईचा गुडघा आणि माझं पित्ताशय

आईचा उजवा गुडघा बदलला तेव्हा जखम स्टेपल्सनी बंद केली होती. आमच्या घरात त्यांना पिनाच म्हणतात. पहिलं ड्रेसिंग सोडलं तेव्हा मोजल्या, २७ भरल्या. गुडघ्यावर चेन शिवल्यासारखी दिसत होती. आईने बघायलाच नकार दिला.

चौदाव्या दिवशी सिस्टरांनी त्या काढल्या. छोटा चिमटा पिनेच्या मधोमध दाबला की पीन वाकते आणि तिची दोन्ही टोकं कातडीतून वर येतात. एकेक पीन स्टीलच्या ट्रेत टिक करून पडत होती. बऱ्याचशा निघाल्या तरी आई गप्प होती. वाटीच्या खालच्या दोन-तीन निघताना मात्र तिने माझा हात घट्ट धरला, "अगं, मुंगी चावल्यागत होतंय." व्रणाच्या दोन्ही अंगांना बारीक ठिपके राहिलेत. पण ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी ती वॉकर धरून उभी राहिली, फिजिओंनी गुडघा वाकवून घेतला, तरी जखम कुठेही उसवली नाही. माझ्याकडून पिनांना पैकीच्या पैकी.

माझं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. चार छोटी भोकं, आत विरघळणारा टाका, वरून ग्लू. हे सायनोअ‍ॅक्रिलेट, फेव्हिक्विकच्याच कुळातलं, पण कातडीसाठी वेगळं बनवलेलं. अमेरिकेत अशा एका ग्लूला १९९८ साली मान्यता मिळाली. घरातली ट्यूब मात्र जखमेवर कधीही लावू नका. टाके काढायची फेरी वाचली, व्रण आता शोधावे लागतात.

तक्रार एकच, आणि ती हॉस्पिटलबद्दल. ग्लूवर मलम किंवा तेलकट काही लावायचं नाही, हे घरी सोडताना कुणीही सांगितलं नाही. बेंबीजवळ खाज आली म्हणून मी पेट्रोलियम जेली लावली. तिसऱ्या दिवशी, आपोआप गळायच्या कितीतरी आधी, तो पापुद्रा मऊ पडून सुटला. आतल्या टाक्याने निभावलं, पण ती रात्र मी जागून काढली. एवढं एक वाक्य डिस्चार्जच्या कागदावर छापायला काय जातं? आणि खाजेबरोबर पुरळ उठलं तर ग्लूची अ‍ॅलर्जी असू शकते, लगेच दाखवा.

छोटी, कोरडी, ताण न येणारी जखम असेल तर मी ग्लूच मागेन. गुडघा-कोपरासारख्या वाकणाऱ्या जागी नुसत्या ग्लूचा हट्ट धरू नका. पुढच्या महिन्यात आईचा डावा गुडघा आहे. पिना की टाके ते सर्जन ठरवतील, मी काढायची तारीख आधीच विचारून ठेवलीय.