वाटपाचा दावा आणि जिल्ह्याच्या ठिकाणची वकिली फर्म: १४ महिन्यांचा अनुभव

आमच्या वादपत्रात, म्हणजे न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याच्या लेखी मांडणीत, मिळकतीच्या वर्णनात पूर्वेला ओढा आणि पश्चिमेला गावरस्ता असे लिहिलेले होते. प्रत्यक्ष जागेवर ते नेमके उलट आहे. ही चूक फर्ममधील कोणाच्या लक्षात आली नाही आणि समोरच्या वकिलांच्याही आली नाही. दावा दाखल झाल्यावर सातव्या महिन्यात घरी कागदांचा संच पुन्हा वाचताना ती मला दिसली. दुरुस्ती अर्ज गेल्या आठवड्यात मंजूर झाला, म्हणून आता सविस्तर लिहीत आहे.

दावा वडिलोपार्जित शेतजमिनीचा आहे. आम्ही दोघी बहिणी वादी आहोत आणि आमचे दादा प्रतिवादी आहेत. वडील १९९८ साली गेले. वारस म्हणून लागलेली आमची नावे पुढे मुद्रांक कागदावरच्या एका हक्कसोडपत्राच्या आधारे फेरफार करून कमी करण्यात आली, आणि हे आम्हाला कळायला बरीच वर्षे गेली.

वकीलपत्र दिल्यानंतर पहिले अडीच महिने फर्मने दावा दाखलच केला नाही, याचा मला फार राग आला होता. जुने सातबारे, प्रत्येक फेरफाराची नक्कल, सर्व्हे नंबरचा गट नंबर कसा झाला हे दाखवणारा एकत्रीकरण योजनेचा उतारा, दुय्यम निबंधकाकडील सूची क्रमांक दोनचा (नोंदणी झालेल्या दस्तांच्या यादीचा) शोध, अशी मागण्यांची यादी वाढतच होती आणि प्रत्येक नकलेचा खर्च आमच्या खात्यात पडत होता. शुल्क वाढवण्यासाठीच हे चालले आहे, असे मी धाकट्या बहिणीला स्पष्ट सांगितले होते.

ते मत मला बदलावे लागले. दादांनी कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, दोन गोष्टी मांडल्या: बहिणींनी हक्क सोडलेला आहे, आणि वडिलांच्या हयातीतच १९९६ साली तोंडी वाटप झालेले आहे. पहिल्या मुद्द्यावर फर्मकडे उत्तर तयार होते, कारण सूचीच्या शोधात असे कोणतेही हक्कसोडपत्र नोंदणी झालेले आढळले नव्हते, आणि १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ व ४९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या अशा कागदाने स्थावर मिळकतीतील हक्क जात नाही. दुसऱ्या मुद्द्यावर विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल पुढे ठेवला गेला. मुलीचा हक्क जन्मतः आहे, त्यासाठी हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही, आणि तोंडी वाटप केवळ अपवादात्मक परिस्थितीत, सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार असेल तरच मानता येईल, असे तो सांगतो. १९९६ नंतरच्या सातबाऱ्यांवर वाटपाची एकही नोंद नाही, हे दाखवणारे उतारे त्या अडीच महिन्यांतच गोळा झालेले होते.

या फर्मला स्थानिक कामाची खरी जाण आहे, हे आणखी दोन ठिकाणी जाणवले. दावा दाखल होताच त्यांनी लिस पेंडन्सची (या मिळकतीवर दावा प्रलंबित आहे अशी) नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घेतली. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ ला १९३९ साली झालेल्या मुंबई दुरुस्तीमुळे ही नोंदणी आवश्यक ठरते, आणि ती राहिली असती तर दाव्यादरम्यानच्या खरेदीदाराला तो बंधनकारक नाही असे म्हणायला वाव राहिला असता. दुसरे असे की, फेरफाराविरुद्ध आधी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करण्याचा माझा आग्रह त्यांनी मोडून काढला. फेरफाराने मालकी ठरत नाही, ती दिवाणी न्यायालयच ठरवते, त्यामुळे तेथे विलंबमाफीपासून सुरुवात करून पैसे घालवू नका, असे ज्येष्ठ वकिलांनी सांगितले. त्यांचे स्वतःचे शुल्क बुडवणारा हा सल्ला होता, याची मी आवर्जून नोंद करते.

शुल्क टप्प्याटप्प्याने ठरले आहे. मिळणाऱ्या जमिनीवर टक्केवारी घ्या, असे मी सुचवले होते. वकिलांच्या आचारनियमांत ते निषिद्ध असल्याचे सांगून त्यांनी नकार दिला.

एवढे असूनही चतुःसीमेची, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दींच्या वर्णनाची, चूक मला क्षुल्लक वाटत नाही. चूक दाखवल्यावर कनिष्ठ वकिलांनी उत्तर दिले की गट नंबर बरोबर आहे, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेत चतुःसीमा किंवा भूमापन क्रमांक यांपैकी एकाने मिळकत ओळखता आली तरी पुरते. शब्दार्थाने ते खरे आहे. परंतु वाटपाच्या दाव्यात प्राथमिक हुकूमनाम्याने (कोणाचा किती हिस्सा हे ठरवणाऱ्या निकालाने) काम संपत नाही. शेतसाऱ्याच्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप त्याच संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, मोजणीदार जागेवर येतो, आणि ओढ्याच्या बाजूचा तुकडा कोणाचा व रस्त्याच्या बाजूचा कोणाचा हा प्रश्न तेव्हा उभा राहतो. आमच्या जमिनीत पाणी एका अंगाला आणि वाट दुसऱ्या अंगाला आहे, तेव्हा दिशा चुकली तर भांडणाला नवे निमित्त मिळते. शिवाय सुनावणी सुरू झाल्यानंतर दुरुस्ती मिळणे अवघड होते, कारण योग्य ती दक्षता घेऊनही बाब आधी मांडता आली नाही, हे न्यायालयाला पटवावे लागते. आमचे मुद्दे (न्यायालयाने ठरवायचे वादाचे प्रश्न) अजून काढले गेले नव्हते, म्हणून निभावले.

यानंतर त्या दुरुस्ती अर्जाचे टंकलेखन आणि हजेरी यांची आकारणी आमच्या बिलात आली. स्वतःच्या चुकीचा खर्च पक्षकाराकडून घेणे मला मान्य नव्हते. मी तीन पत्रे लिहिली. पहिल्या दोन पत्रांना उत्तर नव्हते, तिसऱ्यानंतर ज्येष्ठ वकिलांनी स्वतः दूरध्वनी करून दिलगिरी व्यक्त केली आणि ती रक्कम वगळली. ही रक्कम न मागताच वगळली जायला हवी होती. जे या किंवा अशा फर्मकडे जातील त्यांनी वादपत्रावर सही करण्यापूर्वी मिळकतीचे वर्णन सातबारा आणि नकाशा समोर ठेवून ओळीओळीने तपासावे; मी तेव्हा शेवटच्या पानावर सही केली आणि वर्णनाचे पान उलटले नाही.

पुढची तारीख मुद्दे काढण्यासाठी आहे. माझ्या सरतपासाच्या (स्वतःच्या बाजूने द्यायच्या साक्षीच्या) प्रतिज्ञापत्राचा मसुदा आधी वाचायला मिळावा, ही मागणी फर्मने लेखी मान्य केली आणि पहिला मसुदा काल हाती आला. त्यात चतुःसीमा बरोबर आहे. पोटखराब्याचे (लागवडीस अयोग्य भागाचे) क्षेत्र तेवढे सातबाऱ्याशी जुळत नाही. ही चूक दाखवून मसुद्याची प्रत मी आज त्यांना पाठवत आहे.