सत्तर मिलिमीटरची दुर्बीण आणि आतली काळी चकती

संध्याकाळी ग्रह पाहण्यासाठी पहिली दुर्बीण घेणाऱ्यांची फसवणूक कशी होते, हे कळावे म्हणून माझा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी साडेसहा हजारांना दुर्बीण मागवली. खोक्यावर शनीच्या कड्यांचे झगझगीत चित्र होते आणि '७० मिमी' व '५२५ पट' असे ठळक आकडे होते. ७०० मिमी नाभीय अंतराला (समोरच्या भिंगापासून प्रतिमा एकवटते तिथपर्यंतच्या अंतराला) ४ मिमीच्या नेत्रिकेने, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाने, भागून त्याची बार्लो भिंगाने (वर्धन वाढवणाऱ्या जोडभिंगाने) तिप्पट केली, की ५२५ येतात. परंतु समोरच्या भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुपटीपलीकडे वर्धन नेले की प्रतिमा नुसती मोठी आणि पुसट होत जाते. गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चंद्र पाहिले, ते सुमारे वीसपट वर्धनाने.

सूर्यास्तानंतर आकाशात उजेड असतानाच शुक्र पाहावा, कारण तेव्हा त्याची झळाळी डोळ्यांना कमी दिपवते आणि कला नीट दिसते. माझ्या दुर्बिणीतून मात्र जांभळ्या कडेचा एक ठिपका दिसत होता, तर त्याच वेळी शेजाऱ्यांच्या जुन्या ६० मिमीच्या दुर्बिणीतून शुक्राची कोर स्वच्छ दिसत होती. विक्रेत्याने हवेतील धुळीला दोष दिला.

खगोलमंडळातील एका जाणकारांनी मग साधी परीक्षा केली. दुर्बीण दूरच्या वस्तूवर स्पष्ट करून त्यांनी अंधारात नेत्रिकेमागे थोड्या अंतरावर मोबाइलचा टॉर्च धरला आणि समोरच्या भिंगाला कागद टेकवला. कागदावर उजेडाचे जे वर्तुळ पडले, ते पट्टीने मोजल्यावर जेमतेम ३५ मिमी भरले. पुढची कडी उघडल्यावर कारण सापडले: भिंग एकेरी, म्हणजे एकाच काचेचे, होते, आणि त्याचे दोष झाकण्यासाठी नळीत मधोमध भोक पाडलेली काळी प्लास्टिकची चकती बसवलेली होती. व्यास निम्मा झाला की प्रकाश एक चतुर्थांशच उरतो. म्हणजे मी पैसे मोजले सत्तरचे आणि हाती आली पस्तीसची दुर्बीण. हा निष्काळजीपणा नसून जाणूनबुजून केलेली लबाडी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याहून संताप आला तो सोबत दिलेल्या, नेत्रिकेत बसवायच्या काळ्या 'सन फिल्टर'चा. एकवटलेल्या उष्णतेने अशी काच तडकते आणि क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो. ती कोणीही, विशेषतः मुलांनी, कधीच वापरू नये.

नळी उघडल्याचे निमित्त करून विक्रेत्याने परतावा नाकारला. टॉर्चच्या परीक्षेसाठी काहीच उघडावे लागत नाही; तेव्हा खोके फोडतानाच तिचे चित्रीकरण करून ठेवावे आणि विक्रेता दाद देत नसल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जाहिरातीचे पान विक्रेत्याने बदलण्याआधी त्याचे स्क्रीनशॉटही घ्यावेत. माझ्या तक्रारीसोबत मी तेच जोडले आहेत.