लाल अल्बम घ्यायचाय, पण कुठला?

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या तिघांनी मला जवळजवळ सारख्याच शब्दांत विचारलं: बीटल्स नीट ऐकायचे आहेत, पण सगळे अल्बम एकदम नकोत, सुरुवातीच्या वर्षांचं एक चांगलं संकलन सांग. माझं उत्तर वर्षानुवर्षं ठरलेलं होतं: ‘१९६२–१९६६’, म्हणजे लाल अल्बम. पण २०२३च्या नोव्हेंबरपासून या नावाचे दोन अल्बम झालेत. एक १९७३चा, सव्वीस गाण्यांचा. दुसरा तोच, पण अडतीस गाण्यांचा आणि नव्याने मिक्स केलेला, म्हणजे आवाज आणि वाद्यांचा तोल पुन्हा जुळवलेला. त्यामुळे आता उत्तर देताना थोडं थांबावं लागतं. माझ्याकडे दोन्ही आहेत, दोन्ही भरपूर ऐकलेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

आधी तिसऱ्या उमेदवाराचं बोलून घेऊ, कारण दुकानात तोच आधी समोर येतो. २०००चा ‘वन’. सत्तावीस गाणी, ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलेली. अल्बम म्हणून उत्तम आहे, पाहुणे आले की लावावा असा. पण सुरुवातीची वर्षं कळायला तो अपुरा पडतो. सत्तावीसपैकी सोळा गाणी १९६६पर्यंतची, उरलेली पुढची. शिवाय कसोटी क्रमांकाची असल्यामुळे ‘इन माय लाइफ’ नाही, ‘नॉर्वेजियन वुड’ नाही, इतकंच काय, ‘प्लीज प्लीज मी’ही नाही. ज्या गाण्याने इंग्लंडमध्ये खऱ्या अर्थाने धडाका सुरू झाला, ते ज्या संकलनात नाही ते मी तरी पहिलं म्हणून सुचवणार नाही.

आता जुना लाल. अमेरिकेत कुणीतरी बीटल्सच्या गाण्यांचे बेकायदा संच जाहिराती करून विकायला लागलं होतं, त्याला उत्तर म्हणून एप्रिल १९७३मध्ये हा आणि त्याचा निळा भाऊ ‘१९६७–१९७०’ असे दोन्ही एकदम आले. घाईघाईने आलेल्या या अल्बमची यादी मात्र आश्चर्य वाटावं इतकी जमलेली आहे. क्रम काळानुसार. ‘लव्ह मी डू’पासून बसलात की तासाभरात ‘एलेनर रिग्बी’पर्यंत पोचता, आणि चार वर्षांत ही पोरं कुठून कुठे गेली हे कुणी समजावून न सांगता कळतं. पहिली बाजू संपते ‘कान्ट बाय मी लव्ह’वर, दुसरी सुरू होते ‘अ हार्ड डेज नाइट’च्या त्या एका झणकाऱ्याने. रेकॉर्ड उलटायला उठावं लागतं ती जागासुद्धा बरोबर पडली आहे. माझ्या कॉलेजच्या दिवसांत मला हा अल्बम एका सीनियरने कॅसेटवर उतरवून दिला होता आणि मी तो घासून घासून संपवला.

पण यादीतल्या उणिवा तेव्हाही खटकायच्या. ‘रबर सोल’मधली तब्बल सहा गाणी आहेत, आणि ‘रिव्हॉल्व्हर’मधली फक्त दोन, तीही एकाच सिंगलच्या दोन बाजू. पहिल्या दोन अल्बममध्ये त्यांनी दुसऱ्यांची गाणी ज्या जोशात म्हटली त्यांचा मागमूस नाही. आणि जॉर्ज हॅरिसनने लिहिलेलं एकही गाणं नाही. सव्वीसच्या सव्वीस जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांची. ज्याला जॉर्ज आवडतो, आणि आपल्याकडे बऱ्याच जणांना तोच आवडतो, त्याला हे लागतं.

तरी यादीवरून मी जुना सोडला नसता. मला तो सोडायला लावला एका इयरफोनने.

लेक तेव्हा नववीत होती. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला निघालो होतो, घाटात नेटवर्क गेलं आणि तिची गाणी बंद पडली. माझ्या फोनवर सीडीवरून उतरवलेला लाल अल्बम होता. वायरचा इयरफोन एकच. डावं बोंडूक मी घेतलं, उजवं तिला दिलं आणि मोठ्या हौसेने ‘नोव्हेअर मॅन’ लावलं. हे गाणं वाद्यांशिवाय सुरू होतं, तिघांचे आवाज एकदम. माझ्या कानात जवळपास शांतता. मला वाटलं पिन सैल झाली. काढून पुसली, परत लावली, पुन्हा पहिल्यापासून. लेक मात्र मान डोलवत होती. मग माझ्या कानात ड्रम आले, गिटार आली, बास आला, आणि गाणारं कुणीच नाही. अर्ध्या गाण्यात तिने विचारलं, “बाबा, यात वाद्यं इतकी लांब का आहेत?” मी तिला सांगत होतो की आता ऐक, पुढे गिटारचा तुकडा काय सुंदर आहे. तो तुकडा माझ्या कानात वाजला, तिच्यापर्यंत पोचलाच नाही. दोघांनी मिळून एक गाणं ऐकलं, आणि ते पूर्ण कुणालाच मिळालं नाही. कर्जत येईपर्यंत तिने तिचं बोंडूक काढून ठेवलं होतं.

हा दोष कुणाच्या निष्काळजीपणाचा नाही, हे आधी सांगायला हवं. १९६३मध्ये लंडनच्या ॲबी रोडवरच्या त्या स्टुडिओत बीटल्सचं रेकॉर्डिंग दोन ट्रॅकच्या टेपवर व्हायचं. एका ट्रॅकवर वाद्यं, दुसऱ्यावर आवाज. हेतू इतकाच, की नंतर दोन्हींचा तोल नीट साधून एक मोनो गाणं बनवता यावं. ऐकणाऱ्यांच्या घरी तेव्हा एकच स्पीकर असायचा. मोनो मिक्स हेच खरं मिक्स. स्टीरिओ, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळं ऐकू येणारं, हे मागाहून उरकायचं काम होतं. मग त्याच टेपवरून स्टीरिओ काढलं की वाद्यं एका कानात आणि आवाज दुसऱ्या कानात. १९६३च्या ऑक्टोबरमध्ये चार ट्रॅकचं यंत्र आलं, ‘आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड’ त्यावरचं पहिलं, पण सवय तीच राहिली. १९८७मध्ये सीडीसाठी बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन याने ‘हेल्प!’ आणि ‘रबर सोल’ नव्याने मिक्स केले, तरी बऱ्याच गाण्यांत आवाज एका बाजूलाच राहिला. आणि लालमध्ये ‘रबर सोल’ची सहा गाणी आहेत, म्हणजे हा त्रास नेमका अल्बमच्या सर्वांत सुंदर भागात.

खोलीत दोन स्पीकर लांब ठेवून ऐकलंत तर हवेतच दोन्ही बाजू मिसळतात आणि काही बिघडत नाही. मी वर्षानुवर्षं तसंच ऐकत होतो, म्हणून मला कधी टोचलं नव्हतं. पण आज नव्याने ऐकणारा माणूस कानात काहीतरी घालूनच ऐकणार. बसमध्ये, चालताना, स्वयंपाक करताना एकच इयरबड लावून. त्याच्यासाठी हा छोटा दोष नाही.

२०२३च्या लालने नेमकं हेच दुरुस्त केलं. ‘गेट बॅक’ या २०२१च्या माहितीपटासाठी दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या न्यूझीलंडमधल्या चमूने एक तंत्र तयार केलं होतं, एकाच टेपवर एकमेकांत मिसळलेले आवाज आणि वाद्यं सुटी करणारं. जॉर्ज मार्टिनचा मुलगा जाइल्स मार्टिन याने ते आधी २०२२च्या ‘रिव्हॉल्व्हर’साठी वापरलं, मग या अल्बमसाठी. ज्या टेपवर गिटार, बास आणि ड्रम एकाच ट्रॅकमध्ये कायमचे अडकलेले होते, ते आता वेगवेगळे मांडता येतात. आवाज मधोमध, बाकीचे आजूबाजूला.

फरक काय पडतो ते ‘ऑल माय लव्हिंग’वर पाहावं. यात जॉन लेनन मागे तालाची गिटार ज्या वेगाने वाजवतो, तिनातिनाच्या फटक्यांत, अखंड, ती हात भरून येईल अशी आहे. जुन्या स्टीरिओत ती एका कानात धावते आणि पॉल दुसऱ्या कानात गातो, दोघांची गाठच पडत नाही. नव्यात पॉलचा आवाज त्या गिटारवर बसलेला ऐकू येतो. हे गाणं मी किमान तीस वर्षं ऐकतोय, आणि ती गिटार पॉलला पुढे ढकलते आहे हे मला नव्या मिक्समध्ये पहिल्यांदा जाणवलं. ‘ट्विस्ट अँड शाउट’ही असंच. ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात दहा गाणी झाली, त्यातलं हे शेवटचं, जॉनचा घसा सर्दीने बसलेला. जुन्या यादीत ते नव्हतंच. नव्यात आहे, आणि तो फाटलेला आवाज थेट समोर उभा राहतो.

यादीही बरीच सुधारली आहे. बारा गाण्यांची भर पडून जॉर्जची ‘इफ आय नीडेड समवन’ आणि ‘टॅक्समन’ आली, त्याने गायलेलं ‘रोल ओव्हर बेथोव्हन’ आलं. ‘रिव्हॉल्व्हर’ दोनावरून सातावर गेला. आणि शेवट ‘यलो सबमरीन’ऐवजी ‘टुमॉरो नेव्हर नोज’वर होतो. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. जुना अल्बम एका बालगीतावर संपायचा आणि पुढे निळ्या अल्बमची सुरुवात ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ने व्हायची. मधली पायरीच गायब. आता ती पायरी आहे. ‘बीटल्स फॉर सेल’ या अल्बमवरचा अन्याय मात्र दोन्हींत सारखाच, दोन्हीकडे ‘एट डेज अ वीक’ हे एकच गाणं.

आता नव्याच्या बाजूने बोलताना जे कबूल करायला हवं ते करतो. काही गाण्यांत ड्रम आणि बास आजच्या कानांना रुचतील इतके भरदार केले आहेत, माझ्या मते गरजेपेक्षा थोडे जास्त. ‘शी लव्हज यू’ची मूळ दोन-ट्रॅकची टेप उरलेलीच नाही, त्यामुळे जुन्या अल्बमच्या सीडीवर ते मोनोच आहे, आणि ते मोनो आवळलेल्या मुठीसारखं आहे. सगळं एका जागेवरून, एका दमात अंगावर येतं. नव्या तंत्राने त्याचं स्टीरिओ केलं आहे, स्वच्छ आहे, ऐकायला छान आहे, पण मूठ थोडी उघडली आहे. त्या एका गाण्यासाठी मी अजून जुनी सीडी काढतो. ज्यांच्याकडे मोनो संचातले मूळ अल्बम आहेत त्यांना तर हा सगळा खटाटोप करायची गरजच नाही. एका कानाचा प्रश्न त्यांना कधी पडणारच नाही.

रेकॉर्ड घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधी बघून घ्यावी. नव्या लालच्या सीडीवर अडतीसही गाणी काळाच्या क्रमाने आहेत, पण तीन रेकॉर्डच्या संचात तसं नाही. पहिल्या दोन रेकॉर्डवर १९७३चा क्रम जसाच्या तसा ठेवला आहे आणि बारा नवी गाणी तिसऱ्या रेकॉर्डवर एकत्र. जुन्या माणसाला हे बरं वाटेल, त्याच्या ओळखीच्या बाजू शाबूत राहतात. पण नवीन ऐकणाऱ्याला १९६६वरून उडी मारून पुन्हा १९६३मध्ये जावं लागतं, आणि या अल्बमची सगळी गंमत तर क्रमात आहे. म्हणून नवा घ्यायचा तर सीडीच्या क्रमाने ऐका. रेकॉर्डच हवी असेल आणि घरी चांगले स्पीकर असतील, तर जुन्या बाजारात १९७३च्या दोन रेकॉर्ड स्वच्छ स्थितीत मिळाल्या तर मी तुम्हाला अडवणार नाही. बाकी सगळ्यांनी, विशेषतः कानात घालून ऐकणाऱ्यांनी, नवा घ्यावा असंच मला वाटतं.

एक रुखरुख दोन्हीकडे राहते. ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये जॉर्जने सतार वाजवली तेव्हा तो ती नुकता हाताळायला लागला होता, सतारीवर गिटारची धून काढावी तसं ते आहे. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९६६मध्ये, त्याने ‘लव्ह यू टू’ रेकॉर्ड केलं. सुरुवातीला आलापासारखी सतार, मग तबला शिरतो आणि गाणं धरून ठेवतो. तबला वाजवणाऱ्याचं नाव ‘रिव्हॉल्व्हर’च्या कव्हरवर छापलं आहे: अनिल भागवत. आपल्यापैकी कुणीही ते कव्हर हातात घेतलं की त्या आडनावाशी क्षणभर थांबतो. चार वर्षांत ही मंडळी कुठवर पोचली याचा इतका ठळक पुरावा सव्वीसांतही नाही आणि अडतीसांतही नाही.

लेक आता कॉलेजात आहे. तिच्या फोनवर मी नवा लाल भरून दिला, तेव्हा ‘आय एम ओन्ली स्लीपिंग’नंतर ‘लव्ह यू टू’ घातलं. तिच्या यादीत एकोणचाळीस गाणी आहेत.