लेनची पेनॉब्स्कॉटची संध्याकाळ: कॅनव्हास प्रिंट घ्यावा की कागदावरचा?

फिट्झ हेन्री लेन (1804–1865) हा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टरचा चित्रकार. त्याचं 1863 सालचं ‘लंबर स्कूनर्स ॲट ईव्हनिंग ऑन पेनॉब्स्कॉट बे’ वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. मेन राज्याच्या किनाऱ्यावरची खाडी, वारा पडलेला, लाकूड लादलेली शिडाची जहाजं. दिवाणखान्यासाठी इतकं निवांत चित्र क्वचितच मिळेल. पण ऑनलाइन मिळणारा त्याचा 24 बाय 36 इंची कॅनव्हास प्रिंट घेऊ नका.

या चित्राचा सगळा जीव आकाशात आहे. क्षितिजापासून वर रंग इतका हळूहळू बदलतो की सांधा सापडत नाही. फाइल जास्त दाबलेली जेपेग असली की तिथेच आडवे पट्टे उमटतात. त्यात विक्रेते रंग भडक करतात आणि संध्याकाळ नारिंगी होऊन बसते. दुसरी गोष्ट दोरांची. लेन लिथोग्राफीत, म्हणजे दगडावर रेखाटून छापण्याच्या कलेत तयार झालेला, त्यामुळे डोलकाठ्यांचे दोर केसासारखे बारीक आणि नेमके. कॅनव्हासची वीण त्या रेषा मध्येमध्ये खाते.

मूळ चित्र साधारण 62 बाय 97 सेंटिमीटर. 24 इंच उंचीला रुंदी 37 इंचांहून थोडी जास्त हवी. 36 मध्ये बसवताना कडा कापली जाते. शिवाय कॅनव्हास ताणायच्या दीड इंच जाड चौकटीच्या कडांवर चित्रच दुमडलं, तर चारही बाजूंनी आणखी जातं.

त्यापेक्षा 300 जीएसएमच्या (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाच्या) सुती, बिनचमकीच्या मॅट कागदावर पिगमेंट शाईचा (रंगाचे बारीक कण असलेल्या शाईचा) प्रिंट काढून घ्या. चित्र कॉपीराइटमुक्त आहे, गॅलरीच्या संकेतस्थळावरून फाइल फुकट उतरवता येते. इंचाला 200 पिक्सेल धरा: लांब बाजू 4000 पिक्सेल असेल तर प्रिंट 20 इंचांपर्यंतच. आधी आकाश आणि एक डोलकाठी येईल असा छोटा तुकडा छापून पाहा, आणि तो दिवसाउजेडी पाहा.

कॅनव्हासच हवा असेल तर वार्निश मॅट सांगा; चकचकीत वार्निशवर समोरची खिडकी दिसते. ताब्यात घेताना खालच्या कडेपासून क्षितिजापर्यंतचं अंतर दोन्ही टोकांना मोजा. संथ पाण्याच्या चित्रात दोन-तीन मिलिमीटरचा तिरकेपणाही डोळ्यात खुपतो. चौकटीच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरा असल्याची खात्री करा, पावसाळ्यात कापड सैल पडलं की त्या हलक्या हाताने ठोकून ताणता येतं.

कागदावरच्या प्रिंटच्या फ्रेमला मात्र माउंट, म्हणजे काच आणि प्रिंटमध्ये अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची पट्टी हवीच. काच प्रिंटला टेकली की दमट हवेत शाई काचेला चिकटते आणि सोडवताना आकाशाचाच पापुद्रा निघतो. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंतीची ओलही लांब राहते.