तांबेऱ्यावर मला टॉनिक विकलं

निफाड तालुक्यात आमचा अडीच एकर गहू असतो. गेल्या रब्बीत टोमॅटो उशिरा मोकळा झाला आणि लोकवन हे गव्हाचं वाण पेरायला डिसेंबर उजाडला. लोकवनवर तांबेरा हा बुरशीचा रोग लवकर येतो हे ठाऊक होतं, पण घरात चपातीला तोच लागतो.

जानेवारीअखेर गहू पोटरीत, म्हणजे ओंबी बाहेर पडायच्या बेतात असताना खालच्या पानांवर नारिंगी ठिपके दिसले. चार पानं खुडून कृषी सेवा केंद्रात नेली. दुकानदार वर्षानुवर्षांच्या ओळखीचा. पानं हातातही न घेता म्हणाला, "भाऊ, हा तांबेरा नाही, झिंक कमी पडलंय. हे मारा, आठ दिवसांत प्लॉट हिरवागार." लिटरची बाटली साडेतेराशेला. दोन घेतल्या. बिल मागितलं, तर वहीचा कागद फाडून त्यावर आकडा लिहून दिला.

आठ दिवसांच्या अंतराने दोन फवारे मारले. तेच दिवस माझ्या हातून गेले. पहाटे दव आणि हवा पंधरा ते पंचवीस अंशांची असली, की तांबेऱ्याची नवी पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. दुसऱ्या फवाऱ्यानंतर ओंबीखालचं शेवटचं पानही भरलं. दाणा भरायला सगळ्यात जास्त अन्न तेच पान पुरवतं. पिकातून चालून आलो की पँट गुडघ्यापर्यंत विटकरी व्हायची.

मग कृषी सहायकांना बोलावलं. त्यांनी पान पांढऱ्या रुमालावर घासलं, रुमालावर नारिंगी भुकटी उतरली. झिंकच्या कमतरतेत पान पिवळं पडतं, पण बोटाला काही लागत नाही. ही परीक्षा फुकटची आहे, दुकानात जायच्या आधी बांधावरच करा.

नंतर त्यांनी बाटली उलटसुलट करून पाहिली. नोंदणी क्रमांक नाही, विषारीपणाचा रंगीत चौकोन नाही. बुरशीनाशकंही 1968 च्या कीटकनाशक कायद्यात येतात, त्यामुळे या दोन्ही गोष्टी लेबलवर असाव्याच लागतात. माझ्या हातात होतं ते नुसतं टॉनिक. पहिले ठिपके दिसले तेव्हाच प्रोपिकोनॅझोल 25 ईसी हे बुरशीनाशक, लिटरला एक मिली, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला पंधरा मिली मारलं असतं, तर रोग तिथेच आवरला असता. कृषी सहायक येऊन गेल्यावर मारलं, पण उशीर झाला होता.

एकरी सोळा क्विंटलच्या जागी नऊ निघाले, तेही चिमलेले. व्यापाऱ्याने भाव पाडला तो वेगळाच.

जाब विचारायला गेलो, तर दुकानदार म्हणतो, "तुमच्या बांधावरच्या गवतानं आणलं." याचा मला सगळ्यात जास्त राग आला. आपल्याकडचा तांबेरा बांधावर तयार होत नाही. दक्षिण भारतातल्या निलगिरी-पळणीच्या डोंगरांत तो वर्षभर जगतो आणि तिथून त्याचे बीजाणू वाऱ्याबरोबर येतात. माझं नुकसान करून दोषही माझ्याच माथी!

पंचायत समितीत गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, पक्कं बिल आहे का? दुसरा, सीलबंद बाटली आहे का? फोडलेल्या बाटलीतला नमुना चालत नाही. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. शेजारच्या तात्यांनी मात्र त्याच दुकानातून तीच बाटली आणली होती, सील अजून फोडलं नव्हतं, आणि त्यांनी हट्टानं पक्कं बिलही घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या बाटली आणि बिल घेऊन माझ्याबरोबर आले आणि तक्रार त्यांच्या नावाने नोंदवली गेली.