पायथनने पत्त्याचं ठिकाण शोधायचंय: नॉमिनॅटिम, गूगल की ओव्हरपास?

‘नारायण पेठ, पत्र्या मारुतीजवळ, वाड्याच्या मागच्या जिन्याने वर.’ पुण्यातल्या रिक्षावाल्याला एवढं पुरतं. प्रोग्रामला मात्र अक्षांश आणि रेखांश लागतात. पायथनमधली लिस्ट आणि डिक्शनरी हाताखालून गेली असेल, तर वेबवरून ठिकाणं मागवायला तुम्ही आजच सुरुवात करू शकता. प्रश्न आहे, मागायची कुणाकडे?

शिकण्यासाठी माझं मत ठाम आहे: नॉमिनॅटिम. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला नकाशा 2004 साली ब्रिटनमध्ये सुरू झाला; त्याच्यावर शोध घेणारी ही सेवा. एपीआय की (सेवा वापरण्यासाठी मिळणारा गुप्त संकेत) लागत नाही, कार्ड लागत नाही. रिक्वेस्ट्स लायब्ररीने एक यूआरएल मागवायची, जेसन परत येतं, म्हणजे लिस्ट-डिक्शनरीसारखा मांडलेला मजकूर. अटी आहेत, पण रास्त आहेत: सेकंदाला जास्तीत जास्त एक विनंती, यूजर-एजंटमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या नावाच्या ओळीत) आपल्या प्रोग्रामची ओळख, नकाशाला श्रेय, आणि मिळालेलं उत्तर जपून ठेवायचं, पुन्हा पुन्हा विचारायचं नाही. जिओपाय या पायथन लायब्ररीतला रेट लिमिटर दोन विनंत्यांमधलं अंतर स्वतःच सांभाळतो. पलीकडचा सर्व्हर सगळ्यांचा आहे हे भान नवशिक्याला पहिल्याच दिवशी यावं, म्हणूनही मला ही सुरुवात आवडते.

नॉमिनॅटिम अडतं ते आपल्या ‘जवळ’, ‘समोर’, ‘मागे’वर. असे शब्द गाळून रस्ता, पेठ, पुणे एवढंच पाठवा आणि शोध भारतापुरता ठेवा. अक्षांश-रेखांश तिथून आकडे म्हणून येत नाहीत, मजकूर म्हणून येतात. गणित करण्याआधी फ्लोटमध्ये बदला.

गूगलची जिओकोडिंग सेवा, म्हणजे पत्त्यावरून अक्षांश-रेखांश देणारी, विस्कळीत पत्त्यांना जास्त सांभाळून घेते. सर्व्हे नंबर, सोसायटी, विंग असं सगळं एका ओळीत कोंबलेलं असेल तर फरक जाणवतो. त्यासाठी एपीआय की आणि बिलिंग खातं हवं. की कोडमध्ये लिहून गिटहबसारख्या कोड ठेवायच्या साइटवर चढवू नका, वापराला मर्यादा लावा. उत्तरातली ‘लोकेशन टाइप’ ही नोंद मात्र वाचाच. तिथे ‘रूफटॉप’ असेल तर ठिकाण इमारतीपर्यंत नेमकं आहे. ‘अप्रॉक्झिमेट’ असेल तर हातात कदाचित नुसता कोथरूडचा मध्य आलाय. डबा पोचवायचा असेल तर या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. शिवाय गूगलचे अक्षांश-रेखांश 30 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाहीत, कायम ठेवता येतो तो प्लेस आयडी, म्हणजे गूगलने त्या जागेला दिलेली ओळख-खूण. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावर ती उत्तरं मांडायलाही मनाई आहे. कॉलेजचा प्रकल्प असेल तर हे आधी पाहा.

ओव्हरपास ही ओपनस्ट्रीटमॅपमधूनच माहिती काढून देणारी सेवा, पण वेगळ्याच प्रश्नासाठी: ‘पुण्याच्या हद्दीतली सगळी रुग्णालयं द्या.’ त्याची स्वतःची प्रश्नभाषा शिकावी लागते, पण अशा कामाला तोड नाही. यादीत येतं ते लोकांनी नोंदवलेलंच. तुमच्या गल्लीतला दवाखाना दिसला नाही तर तो नाही असं समजू नका, स्वतः नोंदवा.

गूगल मॅप्सचं पान ब्यूटिफुल सूपने (वेबपानातून मजकूर काढणाऱ्या लायब्ररीने) खरवडायचा मोह टाळा. ते अटींच्या विरुद्ध आहे, आणि पान जावास्क्रिप्टने बनत असल्यामुळे मागवलेल्या एचटीएमएलमध्ये हवं ते सापडतही नाही.

मावशीच्या डब्यांची गिऱ्हाइकं नकाशावर मांडताना माझी अख्खी संध्याकाळ एका चुकीत गेली होती. जिओजेसनमध्ये (ठिकाणं लिहायच्या जेसनच्या प्रकारात) रेखांश आधी, अक्षांश नंतर; फोलियम या नकाशा काढणाऱ्या लायब्ररीला नेमकं उलट लागतं. अदलाबदल झाली की पुणे थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातं. म्हणून पहिला ठिपका नेहमी ओळखीच्या जागेचा ठेवा. मी शनिवारवाडा ठेवते. तो मुठेकाठी दिसला की मगच पुढचे पत्ते सोडते.