जुन्या थिंकपॅडमध्ये स्वतः बसवलेली एसएसडी : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

थिंकपॅड टी४२० या २०११ साली आलेल्या लॅपटॉपमधील ५०० जीबीची हार्ड डिस्क काढून तिच्या जागी क्रूशल एमएक्स५०० ही तेवढ्याच क्षमतेची एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) मी घरी स्वतः बसवली, त्याला आता नऊ महिने झाले. माझे काम अक्षरजुळणीचे आणि मुद्रितशोधनाचे असल्यामुळे लॅपटॉप रोज सहा-सात तास चालू असतो. पहिल्याच आठवड्यात हा अनुभव लिहायला बसलो असतो, तर वेगाचे कौतुक करण्यापलीकडे फारसे काही लिहिता आले नसते.

जुनी डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्यांची होती, म्हणजे तिच्या एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागत. हवी असलेली माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते, शिवाय ते टोक योग्य वर्तुळावर सरकण्याचा वेळ वेगळा. एक मोठी फाइल सलग वाचताना हा विलंब जाणवत नाही. पण विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली इकडून तिकडून गोळा कराव्या लागतात आणि तेथे तो साचत जातो. एसएसडीत फिरणारा भागच नसल्यामुळे हे सगळे थांबणे नाहीसे होते. माझ्या घड्याळाप्रमाणे बटण दाबल्यापासून काम सुरू करता येईपर्यंत पूर्वी २ मिनिटे ४० सेकंद लागत, आता २५ सेकंद लागतात. खोक्यावर छापलेला सेकंदाला ५६० एमबीचा आकडा सलग वाचनाचा असून रोजच्या कामात त्याचे महत्त्व बेताचेच आहे.

बसवण्याचे काम धास्ती वाटण्याजोगे मुळीच नाही. चार्जर आणि बॅटरी काढून ठेवावी, एका स्क्रूने धरलेले झाकण उघडावे आणि डिस्क बाहेर ओढून तिच्या कडांवरच्या रबरी पट्ट्या नव्या एसएसडीला चढवाव्यात, एवढेच ते आहे. एसएसडी ७ मिलिमीटर जाडीची आणि लॅपटॉपमधील जागा ९.५ मिलिमीटरची असल्यामुळे ती आत किंचित हलते. त्यासाठी खोक्यातच चिकटपट्टीची एक चौकट मिळते, ती न विसरता लावावी. मी ती आधी फेकून देण्याच्या बेतात होतो. हे सगळे उरकायला दहा मिनिटेही लागली नाहीत.

खरा वेळ गेला तो जुन्या डिस्कवरची माहिती नव्या एसएसडीवर जशीच्या तशी उतरवण्यात. ती उतरवायची यूएसबी केबलने आणि लॅपटॉपचे यूएसबी पोर्ट २.० या जुन्या, संथ प्रकारचे, त्यामुळे साधारण २१० जीबी माहितीला दोन तास तरी लागणार हे गृहीत धरले होते. पहिला प्रयत्न ३८ टक्क्यांवर अडकला, कारण जुन्या डिस्कवर खराब सेक्टर, म्हणजे नीट न वाचता येणारे तुकडे, निघाले. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने ती डिस्क ‘सावध’ या वर्गात दाखवली आणि लॅपटॉप इतका संथ का झाला होता याचे निम्मे उत्तर तेथेच मिळाले. आधी सगळी कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली, मग रात्रभर डिस्कची तपासणी-दुरुस्ती चालवली आणि दुसऱ्या दिवशी पावणेतीन तासांत क्लोन, म्हणजे ही हुबेहूब प्रत, पूर्ण झाला. हा क्रम मी उलटा केला होता. कागदपत्रांची प्रत सर्वांत आधी, डिस्कची तब्येत त्यानंतर आणि क्लोन शेवटी, असे करायला हवे होते.

विंडोज कोरे न बसवता क्लोनचा खटाटोप केला, तो मुख्यतः मराठी टंकनाच्या एका जुन्या सॉफ्टवेअरसाठी. नेमके तेच सॉफ्टवेअर नव्या एसएसडीवरून उघडेना, कारण त्याचा परवाना जुन्या डिस्कच्या क्रमांकाशी बांधलेला होता. संबंधित कंपनीशी चार वेळा बोलल्यावर आठव्या दिवशी नवा क्रमांक मिळाला आणि दरम्यान हाती असलेली एक पुस्तिका मला दुसऱ्याच्या संगणकावर जाऊन पुरी करावी लागली. असे परवान्याचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी स्क्रू काढण्यापूर्वी विक्रेत्याशी बोलून घ्यावे. ती अडचण नसती, तर मी विंडोज नव्यानेच बसवले असते, कारण क्लोनबरोबर दहा वर्षांचा कचराही इमानेइतबारे नव्या घरी आला.

वेगाचा आनंद महिनाभरात अंगवळणी पडतो. त्यानंतर लक्षात येते ते न बदललेले. स्कॅन केलेल्या पानांवरून मजकूर ओळखण्याचे काम किंवा चारशे पानांची पीडीएफ तयार करणे यात प्रोसेसरच अडतो, आणि तो अजूनही २०११ सालचाच आहे. तेथे फरक नगण्य आहे. बॅटरी दहा-पंधरा मिनिटे जास्त टिकते, असे मला वाटते, पण त्याची मी पैज लावणार नाही. डिस्कची घरघर आणि तळहाताखाली जाणवणारी थरथर मात्र पूर्ण गेली.

त्या शांततेचा एक तोटा मला पाचव्या महिन्यात कळला. दुरुस्त्या केलेल्या एका प्रकरणाची फाइल मी चुकून कायमची पुसली. जुन्या डिस्कवर असा प्रसंग दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा फाइली परत मिळवणाऱ्या प्रोग्रॅमने मला वाचवले होते. या वेळी त्याला फाइलचे नाव सापडले, पण आत केवळ शून्ये होती. फाइल पुसली की विंडोज एसएसडीला ती जागा मोकळी झाल्याचे कळवते. या सोयीला ट्रिम म्हणतात. मग एसएसडी ती जागा पुढच्या लेखनासाठी आतून साफ करते. वेग टिकवण्यासाठी ट्रिम आवश्यक आहे, पण तिच्यामुळे परतीची वाट बंद होते. शिवाय फिरणारी डिस्क बिघडण्याआधी पुष्कळदा आवाज करते किंवा मंदावते. एसएसडी कोणतीही चाहूल न देता एकाएकी बंद पडू शकते. ते प्रकरण मी पुन्हा तपासले, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी लॅपटॉप बंद करण्यापूर्वी दिवसाच्या कामाची प्रत बाहेरच्या डिस्कवर जाते.

लेखनाची मर्यादा, म्हणजे एसएसडीवर एकूण किती माहिती लिहिता येईल, हा अनेकांच्या काळजीचा विषय असतो. या एसएसडीला कंपनीने १८० टीबी (एक टीबी म्हणजे सुमारे हजार जीबी) लेखनाची आणि पाच वर्षांची हमी दिली आहे. नऊ महिन्यांत माझे लेखन साधारण ४.५ टीबी झाले, म्हणजे वर्षाला ६ टीबी; या गतीने १८० टीबी गाठायला तीस वर्षे लागतील. तोवर हा लॅपटॉप राहणार नाही आणि बहुधा मीही अक्षरजुळणी करत नसेन.

लॅपटॉपचे आयुष्य हाच खर्चाचा खरा प्रश्न आहे. एसएसडी आणि केबल मिळून मला ४,३०० रुपये पडले. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. म्हणून अक्षरजुळणीचे काम या लॅपटॉपवर मी इंटरनेट बंद ठेवूनच करतो आणि ई-मेल व बँकेची कामे फोनवर करतो. उद्या नवा लॅपटॉप घेतला, तर आजच्या बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये अशा अडीच इंची डिस्कसाठी जागाच नसते. तेव्हा ही एसएसडी बाहेरून जोडूनच वापरावी लागेल. क्लोनसाठी घेतलेली ती यूएसबी केबल म्हणूनच मी जपून ठेवली आहे.